शेवाळ, मोरचूद आणि मामांचा मल्चिंग पेपर

गेले तीन वीकांत मी आमच्या चार बाय आठच्या गॅलरीत उकिडवा बसून एका प्लास्टिकच्या टाकीत डोकावतोय. 'काय करतोयस?' हे विचारणंही बायकोने आता सोडून दिलंय. शेजारच्या काकांनी मात्र परवा कठड्यावरून वाकून विचारलंच, "काय, मासे पाळलेत का?" त्यांचं काही चुकलं नाही. पाण्याचा रंगच तसा होता. गावाकडच्या, वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीसारखा.

तर सुरुवातीपासून सांगतो. मातीविना शेतीचं, म्हणजे हायड्रोपोनिक्सचं खूळ डोक्यात शिरलं जानेवारीत. घरात छोटा पाहुणा येणार आहे, डॉक्टरांनी बायकोला पालेभाज्या भरपूर खा म्हणून सांगितलंय, आणि बाजारातल्या भाजीवर काय काय फवारलेलं असतं हे रात्री मोबाइलवर वाचून वाचून माझी झोप उडाली होती. आपण पडलो इंजिनियर. प्रॉब्लेम दिसला की आधी रेडीमेड काय मिळतं ते बघतो. साडेसात हजारांचं एक किट मागवलं. पांढरे पाइप, त्यात झाडं बसवायला जाळीच्या छोट्या कुंड्या, एक पंप, खताच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या, आणि खाली ४० लिटरची टाकी. ही टाकी दुधी रंगाची, अर्धपारदर्शक. पाण्याची पातळी बाहेरून दिसावी म्हणून. आणि पाइपांची झाकणं तर चक्क पारदर्शक. मुळं वाढताना बघता यावीत म्हणून.

जाम आवडलं होतं मला ते! पालक, पुदिना आणि लेट्यूस लावलं. दहाव्या दिवशी पांढरीशुभ्र मुळं पाण्यात लोंबायला लागली. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, लाइक्स मिळवले. तेराव्या दिवशी टाकीच्या कडेला फिकट हिरवी रेघ दिसली. विसाव्या दिवशी मासे पाळलेत का, हा प्रश्न आला.

आता शेवाळ काही आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात गच्चीवरून घसरून आपटलेला एक तरी माणूस प्रत्येक घरात असतोच. पण गच्चीवरचं शेवाळ खराट्याने खरवडलं की विषय संपतो, एवढीच माझी समज. म्हणून टाकी रिकामी केली, घासली, नवं द्रावण भरलं. नऊ दिवसांत पुन्हा हिरवी. पुन्हा घासली. पुन्हा हिरवी. ऑफिसात एक जुनी सर्व्हिस आहे, ती मेमरी खाते म्हणून दर रविवारी रात्री रीस्टार्ट करायची पद्धत आहे. का खाते ते कुणी बघत नाही. ज्याने बघायचं तो केव्हाच कंपनी सोडून गेला. माझी गॅलरी म्हणजे तीच सर्व्हिस झाली होती आणि मी तिचा रविवारचा ऑपरेटर.

मग औषधोपचार. परदेशी व्हिडिओत सगळे जण हायड्रोजन पेरॉक्साइड टाका म्हणतात. मेडिकलमधून बाटली आणली, व्हिडिओतल्या मापाने ओतली. चार दिवसांनी पुदिन्याची मुळं तपकिरी. बाटलीवरचं लेबल तेव्हा वाचलं (आधी का नाही वाचलं, हा प्रश्न बायकोने विचारून झालेला आहे). व्हिडिओतलं माप ३ टक्क्यांच्या द्रावणाचं होतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं ते '२० व्हॉल्यूम', म्हणजे साधारण ६ टक्क्यांचं. दुप्पट डोस! युनिटची गफलत, आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना बग. आणि गंमत बघा, पेरॉक्साइड स्वतः थोड्या वेळात विघटन होऊन जातं, उरतं पाणी आणि ऑक्सिजन. मागे काही शिल्लक राहत नाही म्हणून ते सुरक्षित, आणि मागे काही शिल्लक राहत नाही म्हणूनच शेवाळ पुढच्या आठवड्यात परत. मधल्या मधे मुळांवरचे उपयोगी जिवाणूही मेलेले असतात ते वेगळंच.

हे सगळं फोनवर मामांना सांगितलं. मामांची तासगावकडे द्राक्षबाग आहे, शेततळं आहे. ते हसले. "आरं, त्यात काय एवढं? चिमटभर मोरचूद टाक. आमच्या तळ्यात आमी टाकतोय की."

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षवाल्यांच्या घरी ते असतंच, चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करतात त्याचं. तळ्यातल्या शेवाळावर ते खरंच चालतं, मामा खोटं बोलत नव्हते. ऑनलाइन मागवायला निघालो होतो, 'बाय नाऊ'वर बोट होतं, आणि का कोण जाणे, या वेळी आधी गणित केलं. एक ग्रॅम मोरचूद, त्यात तांबं साधारण पाव ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम. टाकी ४० लिटरची. भागाकार करा. लिटरला सहा मिलिग्रॅमच्या वर! हायड्रोपोनिक्सच्या खतात तांबं असतं, झाडाला ते लागतंही, पण किती? लिटरला एका मिलिग्रॅमचा विसावा भाग वगैरे. म्हणजे मामांची चिमूट माझ्या टाकीत शंभरपट पडली असती. मामांच्या तळ्यात लाखो लिटर पाणी आहे, ते पाणी मातीतून झिरपत जातं, माती तांब्याला धरून ठेवते. माझ्याकडे मध्ये माती नाही. मुळं थेट त्या पाण्यात लोंबतायत. खाणाऱ्याचं काय व्हायचं ते पुढचं पुढे, आधी मुळंच जळाली असती.

मी बोट मागे घेतलं आणि थोडा वेळ गॅलरीत नुसता बसलो. फवारलेली भाजी बायकोला खायला लागू नये म्हणून हा सगळा उपद्व्याप मांडला होता, आणि दोन महिन्यांत मी स्वतःच टाकीत काय काय ओतायला लागलो होतो.

तिथून समोरच्या बिल्डिंगची गच्ची दिसते. गच्चीवर पाण्याच्या टाक्या. काळ्या. ओळीने दहा-बारा, सगळ्या काळ्या. जन्मापासून बघतोय. त्या काळ्या का असतात हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते. तिच्यामुळे प्लास्टिक उन्हात लवकर कुजत नाही, आणि आत उजेड जात नाही. आत उजेड नाही म्हणून शेवाळ नाही. हल्ली पांढऱ्या टाक्याही दिसतात, पण तशी एखादी चांगली टाकी कापून बघितलीत तर पांढऱ्याच्या खाली काळा थर सापडेल. वर्षभर तेच पाणी उन्हात उभं असतं, आणि नळाला हिरवं पाणी येत नाही. कुणी त्यात पेरॉक्साइड ओतत नाही, मोरचूद टाकत नाही. नुसता अंधार.

शेवाळाला काय लागतं बघा. पाणी, खत, उजेड आणि सुरुवातीला एखाददुसरी पेशी. पाणी आणि खत तुम्ही काढून घेऊ शकत नाही, कारण तेच झाडाचं जेवण आहे. नायट्रेट, फॉस्फेट, सगळं पंगतीत वाढून ठेवलेलं. पेशी येणारच. हवेतून येते, नळाच्या पाण्यातून येते, तुमच्या बोटांवरून येते. महापालिकेचं क्लोरीन तुमच्या पोटाची काळजी घेतं, शेवाळाचा निर्वंश करत नाही. उरतो उजेड. झाडाला तो पानांवर हवा असतो. मुळांना त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे चारपैकी ही एकच गोष्ट अशी आहे की शेवाळाकडून काढून घेतली तर झाडाचं काहीही बिघडत नाही. एवढं सरळ आहे हे. आणि साडेसात हजारांच्या किटमध्ये नेमकी तीच गोष्ट मोकळी सोडलेली.

माझा राग तिथे आहे. शेवाळावर नाही, ते बिचारं संधी मिळाली की उगवतं. राग आहे तो मुळं दिसावीत म्हणून भिंती पारदर्शक करणाऱ्या डिझाइनवर. आणि खोटं कशाला बोलू, ते बघून भुलणाऱ्या माझ्यावरही. फोटोत काळा डबा कसला छान दिसणार? काचेच्या बरणीत लेट्यूस, खाली पांढऱ्या मुळांची दाढी, मागे खिडकीतलं ऊन... आहाहा! हे विकलं जातं. मग सहा आठवड्यांनी त्याच दुकानात शेवाळ घालवायचं द्रावण मिळतं, तेही विकलं जातं. ज्यांच्या नावावर या बरण्या खपतात ते हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की पंप न लावता लेट्यूस घ्यायचे, पण टाक्यांवर जाड, उजेड न जाणारी झाकणं टाकून. १९३७ साली 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या गेरिक साहेबांच्या टोमॅटोखालच्या टाक्यांवरसुद्धा जाळी आणि तिच्यावर भुशाचा थर असायचा. पाणी झाकायचं असतं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं लोकांना. आपण ते फोटोसाठी उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, असू दे की थोडं हिरवं. नैसर्गिक आहे. पुष्कळ जण असं म्हणतात आणि त्यात थोडं तथ्यही आहे. शेवाळ खत खाऊन झाडाला उपाशी मारतं वगैरे जे सांगतात ते मला घरगुती टाकीत फारसं पटत नाही. तेवढी त्याची भूक नसते. खरा त्रास वेगळाच आहे आणि तो मला आकड्यांत दिसला. दोन दिवस दर तीन तासांनी पीएच मोजून शीटमध्ये भरला (हो, ऑफिसच्या कॉल्सच्या मध्ये). सकाळी ६, दुपारी ६.८, संध्याकाळी ७.३. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्यातलं आम्ल कमी होतं, पीएच चढतो. रात्री उजेड गेला की ते श्वासोच्छ्वास करून तोच वायू सोडतं, पीएच उतरतो. मी काय करत होतो? संध्याकाळी चढलेला पीएच बघून ॲसिड टाकत होतो. रात्री तो आपोआप उतरणारच होता, त्यात माझं ॲसिड. सकाळी पाचच्या खाली! तो बघून मी परत वर चढवायचो. दोघं मिळून झाडांचा झोपाळा केला होता आम्ही. पीएच साडेसहाच्या वर फार वेळ राहिला की खतातलं लोह झाडाला मिळेनासं होतं. पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे मी आठवडाभर 'खत कमी पडतंय' असं समजत होतो आणि खत वाढवत होतो. लोहासाठी लावलेल्या पालकालाच लोह मिळत नव्हतं.

शिवाय रात्री हे हिरवं पाण्यातला ऑक्सिजनही खातं, आणि मेलं की कुजताना आणखी खातं. पंपाची जाळी तुंबते. ओल्या हिरव्या थरावर बारीक काळ्या माश्या घिरट्या घालतात. ते एकटं झाडाला मारत नाही, पण मारणाऱ्यांना दार उघडून देतं.

असो. खात्री करून घ्यावी म्हणून एक प्रयोग केला. पाण्याच्या एक लिटरच्या दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत एकाच मगातलं द्रावण, दोन्हींत पुदिन्याची एकेक काडी. एक तशीच ठेवली, दुसरीला वर्तमानपत्र आणि त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, बुडापासून गळ्यापर्यंत. सहाव्या दिवशी उघडी बाटली हिरवी. झाकलेलीची फॉइल बाराव्या दिवशी सोडली, तर आत पाणी नितळ आणि मुळं पांढरी. दोनच बाटल्यांचा प्रयोग म्हणून शास्त्रज्ञ हसतील, पण मला पुरला. मधल्या काळात कुणीतरी हिरव्या काचेची बाटली वापर म्हणालं. रंगीत काच म्हणजे अंधार नव्हे. पाण्याचे निळे २० लिटरचे जारही तसेच, आरपार दिसतं त्यातून. आरपार दिसतं म्हणजे आरपार उजेड जातो.

मग टाकीला काळा ऑइलपेंट मारला. बोहरी आळीतून डबा आणला, दोन हात दिले, आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला थर्मामीटर घातला तर पाणी ३५ अंश! एप्रिलचं ऊन, पश्चिमेची गॅलरी, आणि मी टाकीला काळं घोंगडं पांघरलेलं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि गरम, श्वास कोंडलेल्या पाण्यात मुळकूज हमखास. तिची ओळखही सांगून ठेवतो, कारण मी स्वतः गोंधळलो होतो. मुळांवर हिरवा थर असेल आणि खाली मूळ पांढरं, घट्ट असेल तर ते शेवाळ. मूळ तपकिरी, बुळबुळीत, ओढलं तर साल हातात येते आणि नाल्यासारखा वास, तर ती कूज. शेवाळ गेलं आणि कूज आली, असं माझं लेट्यूस संपलं. पेंटच्या डब्यावर राग काढून काही उपयोग नव्हता.

हेही मामांना सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "मग मल्चिंग घाल की त्याला. ते काय, आत काळं आन् वर चांदी."

मी फोन धरून उभाच राहिलो. मामांच्याच टोमॅटोच्या प्लॉटवर मी ते शंभरदा बघितलंय. गादीवाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, चंदेरी बाजू वर, काळी खाली. काळ्यामुळे खाली उजेड जात नाही म्हणून तण उगवत नाही. चंदेरीमुळे ऊन परत फेकलं जातं, म्हणून नुसत्या काळ्याइतका तापत नाही. तण मारायला औषध नाही, खुरपणी नाही, नुसता अंधार. शेतात ज्या माणसाने तणावर हा उपाय केला, त्यानेच मला तळ्याची सवय म्हणून मोरचूद सुचवलं होतं. आणि मी कंपनीत डिझाइन रिव्ह्यू करणारा माणूस, मला दोन्ही सुचलं नव्हतं.

एसटीने पार्सल आलं. ३० मायक्रॉनचा कागद, चांगला पंधरा फूट. एकेरी थराला मोबाइलचा टॉर्च लावला तर किंचित झिरपतो असं दिसलं, म्हणून दुहेरी गुंडाळला. हा टॉर्चचा प्रयोग तुम्हीही करा. रात्री गॅलरीतला दिवा बंद करायचा, रिकाम्या टाकीत टॉर्च लावून ठेवायचा, झाकण लावायचं आणि बाहेरून कुठे काय चमकतंय ते बघायचं. दिव्याची गळती शोधायची. मला वाटलं होतं टाकी हीच काय ती चोर. पांढरे पीव्हीसी पाइपसुद्धा कंदिलासारखे उजळले! दिसायला घट्ट पांढरे, पण भिंत पातळ. त्यांनाही कागद. पारदर्शक झाकणं काढून टाकली. कुंड्यांच्या तोंडाशी ओलं कोकोपीट उघडं होतं, त्यावर मातीच्या भाजलेल्या गोळ्यांचा बोटभर थर दिला. रिकाम्या भोकांवर जुन्या फाइलींचे काळे पुठ्ठे, वर टेप. त्या भोकांतून डास आत जातात हा आणखी एक साक्षात्कार. स्वच्छ साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं माहेर. पाहुणा यायच्या आधी तेही बंद झालं हे बरंच.

गुंडाळण्याआधी सगळं एकदा धुऊन घ्यावं लागतं, कारण आतलं जुनं शेवाळ अंधारात मरतं आणि कुजतं. मी कपड्यांचा ब्लीच पातळ करून पंप तासभर फिरवला आणि मग तीन वेळा साध्या पाण्याने. एक सांगतो, आणि हे गंमतीत घेऊ नका: ब्लीच आणि पीएच उतरवायचं ॲसिड एकमेकांत मिसळू देऊ नका. क्लोरीन वायू निघतो. बंद गॅलरीत, शेजारच्या खोलीत बायको झोपलेली असताना तर अजिबातच नको.

टाकी आता उन्हातून काढून वॉशिंग मशीनच्या सावलीत सरकवलीय. दुपारी त्यात बर्फाची एक बाटली सोडतो. पाणी २८-२९ वर राहतं. पीएच सकाळी ६, संध्याकाळी ६.२. शीट भरायचा कंटाळा यावा इतका सपाट आलेख. दिसायला मात्र सगळा प्रकार भयंकर आहे. गॅलरीत कुणीतरी चांदीच्या कागदात काहीतरी दडवून ठेवलंय असं वाटतं. पाण्याची पातळी दिसत नाही, म्हणून झाकणातून एक लाकडी काडी बुडवून बघतो, स्कूटरमधलं पेट्रोल बघतात तसं. मुळं तर दिसतच नाहीत. फोटो कुणालाही पाठवलेला नाही.

पहिला पालक गेल्या रविवारी निघाला. एक जुडी, नेमकी एक. बायकोने डाळ घालून पातळ भाजी केली, आणि साडेसात हजार भागिले एक असा भाव काढून दाखवला.

आज सकाळी झाकण उचललं तर पंपाच्या वायरीच्या भोकाशी, जिथून उजेडाची एक तिरीप आत येते, बरोब्बर तिथेच एक रुपयाच्या नाण्याएवढा हिरवा ठिपका. बाकी सगळी टाकी स्वच्छ. काळी टेप संपलीय. ती आणायला निघालोय.